धावपट्टीच्या कुंपणाबाहेरचा हिवाळा

पूर्णगडच्या किल्ल्यापासून मिरजोळ्याची रत्नागिरीची धावपट्टी सरळ रेषेत जेमतेम वीस-बावीस किलोमीटरवर आहे. तिथे तटरक्षक दलाचा तळ आहे आणि नागरी विमानसेवेची तयारी बरीच वर्षं चालली आहे. दक्षिणेला चिपीचा सिंधुदुर्ग विमानतळ ९ ऑक्टोबर २०२१ रोजी सुरू झाला, त्याच्याही पुढे गोव्यात मोपा आहे. एकेकाळी बोटीची वाट बघणाऱ्या या किनाऱ्याला आता विमान परकं राहिलेलं नाही. पावस, गावखडी, पूर्णगड, रनपार या पट्ट्यातल्या घराघरांत कुणी मुंबईला, कुणी आखातात, कुणी त्याहून लांब आहे. दिवाळी संपली की त्यांचं येणं-जाणं सुरू होतं ते शिमग्यापर्यंत.

आपल्याकडे समज असा, की विमानाला धोका पावसाळ्यात, हिवाळा म्हणजे निवांत. पावसाबद्दलचा अर्धा भाग बरोबर आहे. ऑगस्ट २०२० मध्ये कोळिकोडच्या पठारावरच्या धावपट्टीवर भर पावसात विमान फार पुढे जाऊन टेकलं आणि कड्यावरून खाली गेलं. २१ माणसं गेली. पण हिवाळा निवांत नसतो. बर्फ पडत नाही एवढंच. धुकं, दव, फिरणारा वारा, वाळलेलं गवत, धूर, पाहुणे पक्षी, मोकाट गुरं, लग्नसराई आणि पतंग हे सगळं एकाच ऋतूत येतं. मोठ्या विमानतळाकडे या प्रत्येकासाठी यंत्रं आणि माणसं असतात. लहान विमानतळाकडे ती मोजकी असतात. म्हणून लहान धावपट्टी सुरक्षित ठेवण्याचं निम्मं काम कुंपणाच्या बाहेर होतं, आणि ते तुमच्या-माझ्या हातात आहे. हा लेख त्या निम्म्या कामाबद्दल आहे.

आधी हवेचं बघू. डिसेंबर-जानेवारीत आभाळ निरभ्र असतं, त्यामुळे रात्री जमीन झपाट्याने निवते. तिच्यालगतची दमट हवा थंड झाली की पहाटे खाडीवर, मळ्यांत, सड्याच्या उतारांवर धुकं साचतं. मुचकुंदी नदीच्या दोन्ही तीरांवर हे रोजचं दृश्य आहे. आंब्याच्या बागायतदाराला ते सगळ्यांत आधी कळतं, कारण मोहोरावर दव बसलं की पुढे भुरीची आणि तुडतुड्याची काळजी त्यालाच असते. ऊन वर आलं की धुकं विरतं. पण सकाळचं पहिलं विमान नेमकं त्याच्या आधी यायचं असतं.

मोठ्या विमानतळावर धुक्यातूनही वैमानिकाला खाली आणणारी रेडिओ यंत्रणा असते. अनेक लहान विमानतळांवर ती नसते, तिथे वैमानिकाने डोळ्यांनी धावपट्टी बघूनच उतरायचं असतं. आपल्या देशात असं उतरायला साधारण ५ किलोमीटर दृश्यमानता लागते. म्हणजे तुम्हाला अंगणातून समोरचा डोंगर 'बऱ्यापैकी' दिसत असेल, तरी विमानासाठी ते पुरेसं नसू शकतं. शिर्डीच्या प्रवाशांनी २०२१ च्या नोव्हेंबरात याचा अनुभव घेतला. कमी दृश्यमानतेपायी तिथली विमानं रद्द होत राहिली. वरून निळं आभाळ आणि खाली गढूळ हवा, हे हिवाळ्यात नेहमीचं आहे. विमानतळावर उभं राहून "एवढं ऊन पडलंय, मग अडलंय कुठे?" असं विचारण्याआधी हे लक्षात असू द्या.

दवाकडे तर कुणाचंच लक्ष जात नाही. धावपट्टीच्या स्थितीची नोंद करण्याची एक जागतिक पद्धत नोव्हेंबर २०२१ पासून लागू झाली. तिच्यात कोरड्या पट्टीला ६ आणि सर्वांत वाईट, म्हणजे ओल्या बर्फाच्या थराला ० असे अंक देतात. पट्टीचे तीन भाग पाडून प्रत्येकाचा अंक वेगळा कळवतात. या पद्धतीत डोळ्यांना दिसेल इतका ओलसरपणाही 'ओली पट्टी' मानला जातो आणि अंक ५ वर येतो. टायरचं घासलेलं रबर पट्टीवर साचलेलं असेल आणि त्यामुळे ओली पट्टी निसरडी झाली असेल, तर अंक ३ पर्यंत घसरतो. दवाने रस्ता ओला झाल्यावर दुचाकी कुठल्या वळणावर सरकते हे रत्नागिरी-पावस रस्त्यावरच्या माणसाला सांगायला नको. धावपट्टीवर हेच ताशी दोनशे किलोमीटरच्या आसपास घडतं.

वाऱ्याचंही तसंच. पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा असतो, दुपारी समुद्राकडून खारा वारा येतो. मधल्या तास-दोन तासांत वारा दिशा बदलतो. विमान समोरच्या वाऱ्यात उतरवायचं असतं, म्हणून सकाळी पट्टीचं एक टोक वापरतात आणि दुपारी दुसरं. पाठीमागून वारा आला तर थांबायला लागणारं अंतर वाढतं, आणि ते सरळ प्रमाणात वाढत नाही. उतरण्याच्या वेगाच्या दहा टक्के वारा पाठीवर असेल तर धाव सुमारे एकवीस टक्क्यांनी लांबते. तीन-साडेतीन किलोमीटरच्या पट्टीवर ते खपून जातं. लहान पट्टीवर, तीही पठारावरची असेल तर, तेवढी शिल्लक नसते.

हे सगळं निसर्गाचं झालं. आता आपण त्यात भर काय घालतो ते पाहू.

कार्तिक सरता सरता सड्यावरचं गवत पिवळं पडतं आणि माघ-फाल्गुनात एका विडीच्या थोटकावर अख्खा सडा पेटू शकतो. वणव्याने बागा जातात हे आपल्याला ठाऊक आहे. धावपट्टीच्या कुंपणाशी वणवा आला तर दोन गोष्टी होतात. विमानतळाचा अग्निशमन बंब गवत विझवण्यात अडकतो, आणि बंब जागेवर तयार नसेल तर विमानाला उतरता येत नाही. दुसरं म्हणजे धूर. हिवाळ्याच्या सकाळी जमिनीलगत थंड हवेचा थर असतो आणि त्यावर उबदार हवेचं झाकण बसलेलं असतं. धूर त्या झाकणाखाली अडकून आडवा पसरतो. कवळ जाळणं, भाजावळ, बागेतला पाचोळा पेटवणं ही कामं आपण पहाटेच उरकतो, कारण वारा पडलेला असतो आणि आग आटोक्यात राहते. आगीच्या दृष्टीने ते शहाणपणाचं आहे, पण धुराच्या दृष्टीने ती सर्वांत वाईट वेळ आहे.

विमानतळाजवळच्या गावांना माझं सांगणं असं. पालापाचोळा शक्यतो जाळूच नका. आंब्या-काजूच्या बुंध्याशी आच्छादन म्हणून घाला किंवा खड्ड्यात कुजवा, जमिनीला तेच हवं आहे. भाजावळ करणारच असाल तर आधी विमानतळाच्या कार्यालयाला कळवा आणि विमानाची वेळ टाळा. धुकं विरल्यावर, पण वारा उठायच्या आत काम करा, पाणी आणि हिरव्या टाळ्या हाताशी ठेवा. एकट्याने पेटवू नका. कुंपणालगतच्या जमिनीचे मालक असाल तर नोव्हेंबरातच गवत कापून जाळरेषा काढून ठेवा. बागेभोवती आपण तशी काढतोच, तीच कुंपणाच्या बाजूनेही काढायची.

सगळ्यांत जास्त काळजी करावी असा विषय पक्ष्यांचा आहे.

२९ डिसेंबर २०२४ रोजी दक्षिण कोरियातल्या मुआन या प्रादेशिक विमानतळावर जेजू एअरचं विमान पोटावर घसरत पट्टीच्या बाहेर गेलं आणि काँक्रीटच्या बांधावर आदळलं. १८१ पैकी १७९ जण गेले. उतरण्याच्या काही मिनिटं आधी त्याला पक्ष्यांची धडक बसली होती. दोन्ही इंजिनांत बैकल टील या बदकांचे अवशेष सापडले. ही बदकं हिवाळ्यात थव्यांनी कोरियात येतात. विमानतळ किनाऱ्यालगतचा, प्रवासी हिवाळ्यातले आणि पक्षीही हिवाळ्यातले. आपल्या किनाऱ्याने हे वाचून सावध व्हायला हवं.

आपल्याकडेही कार्तिकापासून कुरव पक्ष्यांचे थवे किनाऱ्यावर उतरतात. सड्यावर टिटव्या आणि चंडोल असतात, मासळीच्या मागे घारी आणि कावळे, खाजणात बगळे. त्यांचा दोष काहीच नाही. हा सडा आणि ही खाडी विमानाच्या कितीतरी आधीपासून त्यांची आहे. प्रश्न एवढाच, की आपण त्यांना ताट वाढून कुठे बोलावतो. रात्रीच्या अंधारात कोंबडीच्या दुकानाची घाण गोणीत भरून सड्यावरच्या रस्त्याकडेला फेकणं आपल्या जिल्ह्यात सर्रास चालतं. मासळी साफ केलेली घाण उकिरड्यावर जाते, ग्रामपंचायतीच्या कचऱ्याच्या गाड्या गावाबाहेरच्या कातळावर रिकाम्या होतात. दोन दिवसांत तिथे घारींचं चक्र फिरू लागतं. घार उन्हाच्या गरम झोतावर चढत चढत शे-दोनशे मीटर उंची गाठते. उतरणारं विमान पट्टीच्या अलीकडे काही किलोमीटरवर याच उंचीवर असतं.

कायदा स्पष्ट आहे. १९३७ च्या विमान नियमांतल्या ९१ व्या नियमाने विमानतळापासून १० किलोमीटरच्या परिसरात जनावरं कापणं, सोलणं आणि पक्षी-प्राणी ओढले जातील असा कचरा टाकणं मना आहे. हॉटेलं, मटणाची आणि मासळीची दुकानं यांचा त्यात नाव घेऊन उल्लेख आहे. पूर्णगड या वर्तुळाच्या बाहेर येतं, मिरजोळे आणि रत्नागिरी शहर आत. पण घारीला दहा किलोमीटरची हद्द माहीत नाही आणि किनाऱ्याने उडणारी विमानं-हेलिकॉप्टरं आपल्या डोक्यावरूनही जातात. म्हणून नियम तुमच्या गावाला लागू होवो न होवो, पद्धत पाळा.

ती अवघड नाही. मासळीची घाण माडाच्या आळ्यात हातभर खोल पुरून वर माती ओढायची. आपल्या आजोबांच्या काळापासून माडाला हेच खत घालतात. उघड्यावर टाकली की घारीचं खाद्य, पुरली की नारळाचं. मासळी वाळत घालायची ती जमिनीवर पसरून नाही, मांडवावर, आणि वरून जुनं जाळं ओढून. त्याने मालही स्वच्छ राहतो आणि भावही बरा मिळतो. कोंबडीच्या दुकानदाराला कचरा कुठे नेतोस हे विचारायला संकोच करू नका. ग्रामपंचायतीने त्याला खड्डा नेमून द्यावा, चुन्याची आणि मातीची सोय करावी. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत हा विषय घ्या आणि ठराव लिहून घ्या. उघड्या कचऱ्याची तक्रार एकट्याने केली की भांडण होतं, ग्रामसभेचा ठराव झाला की काम होतं. विमानतळांवर पक्षी-प्राण्यांच्या प्रश्नासाठी स्थानिक प्रशासनाला सोबत घेऊन समिती नेमलेली असते. गावाचा ठराव तिथेही पाठवा.

आता जनावरं. ६ नोव्हेंबर २०१४ ला सुरतेत दिल्लीला निघालेलं स्पाइसजेटचं बोइंग उड्डाणासाठी धावत असताना त्याला म्हैस धडकली. ४ डिसेंबर २०१५ च्या रात्री मुंबईहून जबलपूरला उतरणारं त्याच कंपनीचं लहान विमान रानडुकरांना धडकून पट्टीबाहेर गेलं. दोन्ही वेळा प्रवासी बचावले. दोन्ही घटना हिवाळ्याच्या तोंडच्या आहेत आणि दोन्ही विमानतळ राजधानीचे नव्हेत.

कोकणात भातकापणी झाली की गुरं उनाड सोडण्याची जुनी रीत आहे. पिकं उभी नसतात, राखणीला माणूस परवडत नाही. गुरं सड्यावर चरतात आणि रात्री गारठ्यात डांबराची ऊब शोधतात. दिवसभर तापलेल्या डांबरावर कुत्री आणि गुरं का बसतात हे आपण रोज रस्त्यावर बघतो. धावपट्टी हा त्या भागातला सर्वांत मोठा उबदार तुकडा असतो. विमानतळाला लागून ज्यांची वस्ती आहे त्यांनी हिवाळ्याचे चार महिने तरी गुरं रात्री गोठ्यात बांधावीत, हे मी कळकळीने सांगतो. कुंपण तुटलेलं दिसलं, कुंपणाखालून डुकराने उकरलेली वाट दिसली, तर फोटो काढून त्याच दिवशी विमानतळावर कळवा. मैलोगणती लांबीच्या कुंपणावर चार पहारेकऱ्यांपेक्षा गावाचे डोळे जास्त पोचतात.

आणि माणसंही. विमानतळ होण्याआधी सड्यावरून वहिवाटीच्या वाटा होत्या, देवस्थानाला, पाणवठ्याला, पलीकडच्या वाडीला जाणाऱ्या. जमीन गेल्याचा सल मनात असतो आणि कुंपण वाकवून जुन्याच वाटेने जाणं हा हक्क वाटतो. त्या सलाबद्दल मला पूर्ण आदर आहे. वाट हवी असेल तर ती मागून, भांडून, कुंपणाबाहेरून मिळवा, पण पट्टी ओलांडू नका. १५ फेब्रुवारी २०२० ला पुण्यात एअर इंडियाच्या विमानासमोर उड्डाणाच्या ऐन क्षणी पट्टीवर जीप आली. वैमानिकाला विमान वेळेआधी उचलावं लागलं आणि शेपटी जमिनीला घासली. पुण्यासारख्या हवाई दलाच्या तळावर हे घडू शकतं, तर लहान पट्टीवर किती जपायला हवं.

लग्नसराईबद्दल थोडक्यात, कारण इथे समजावण्यापेक्षा सांगणंच पुरेसं आहे. मंगल कार्यालयाच्या आवारातून आकाशात हिरव्या लेझरचे झोत सोडू नका. उतरणाऱ्या वैमानिकाच्या डोळ्यांपुढे काही सेकंद अंधार होतो आणि तेवढे सेकंद त्याच्याकडे नसतात. उडते कागदी कंदील सोडू नका, ते कुठे उतरतील ते कुणाच्या हातात नसतं आणि खाली वाळलेलं गवत आहे. ड्रोनवाल्याला सुपारी देण्याआधी विचारा की त्याने 'डिजिटल स्काय' या ड्रोनसाठीच्या सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा पाहिला आहे का. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांच्या वर आणि ८ किलोमीटरच्या आत कुठल्याही उंचीवर परवानगीशिवाय ड्रोन उडवता येत नाही. संक्रांतीचे पतंग विमानतळाच्या आसपास नकोतच. मुलांना रागावून सांगू नका, दुसरं मैदान शोधून द्या.

आता तुम्ही स्वतः प्रवासी असाल तर.

हिवाळ्यात लहान विमानतळावरून जायचं असेल आणि पुढे मुंबईहून आखाताचं किंवा युरोपचं विमान धरायचं असेल, तर त्याच दिवसाचं गणित मांडू नका. एक रात्र मुंबईला नातेवाइकांकडे काढा. निवड असेल तर पहाटेपेक्षा दहा-अकरानंतरचं विमान घ्या. तारीख बदलता येईल असं तिकीट थोडं महाग पडलं तरी घ्या. हवामानामुळे विमान रद्द झालं तर कंपनीकडून नुकसानभरपाई मिळत नाही, पण तिकिटाचे पैसे परत किंवा दुसरं विमान यांतलं एक मागण्याचा तुम्हाला हक्क आहे. तो शांतपणे मागा. खिडकीपलीकडच्या पोरीवर आरडाओरडा करून धुकं हटत नाही.

विमान उतरता उतरता पुन्हा वर उठलं तर घाबरू नका. पट्टी नीट दिसली नाही, वेग जास्त वाटला, पट्टीवर कुत्रं दिसलं, वारा फिरला, यांतलं काहीही झालं तर पुन्हा वर जाणं हाच शिकवलेला मार्ग आहे. पूर्णगडच्या मुखाशी वाळूचा बार आहे. भरती पुरेशी नसेल, लाट फुटत असेल, तर जाणता तांडेल मासळी भरलेली होडी घेऊन बाहेरच थांबतो. बंदर समोर दिसत असतं, घरची माणसं धक्क्यावर असतात, तरी थांबतो. त्याला कुणी भित्रा म्हणत नाही. वैमानिकाला तोच मान द्या.

हे साध्या प्रवाशापेक्षा भाड्याने विमान घेणाऱ्यांना जास्त लागू आहे. हिवाळा हा सभांचा, मेळाव्यांचा, लग्नांचा आणि कारखान्यांच्या हंगामाचा काळ. अशी विमानं जिल्ह्याजिल्ह्यांतल्या लहान पट्ट्यांवर उतरतात, जिथे यंत्रणा सर्वांत कमी असते. मागे बसलेली व्यक्ती मोठी असली की पुढच्या दोघांवर न बोलताही दाब येतो. तुम्ही कार्यक्रमाचे यजमान असाल, तर पाहुण्यांना आधीच कळवा की उशीर चालेल. पर्यायी विमानतळावर गाडी उभी करून ठेवा आणि ती तिथे आहे हे वैमानिकाला निघण्यापूर्वी सांगा. परत फिरायची वाट मोकळी आहे हे माहीत असलेला माणूस चांगला निर्णय घेतो. रुग्णाला नेणाऱ्या विमानाबाबत हे सांगायला जड जातं, पण तिथेही डॉक्टरांनी उपचाराची निकड सांगावी आणि उडायचं की नाही हे वैमानिकावर सोडावं.

विमान थांबेपर्यंत पट्टा सोडू नका. तुमच्या मागे-पुढे आपत्कालीन दार कितव्या रांगेत आहे ते बसल्या बसल्या मोजून ठेवा, धुरात डोळ्यांपेक्षा हात कामी येतात. आणि बाहेर पडायची वेळ आलीच तर बॅग उचलू नका. २ जानेवारी २०२४ ला टोकियोच्या हानेदा विमानतळावर उतरणारं जपान एअरलाइन्सचं विमान पट्टीवर उभ्या असलेल्या तिथल्या तटरक्षक दलाच्या विमानावर आदळलं. भूकंपग्रस्तांना मदत घेऊन निघालेले तटरक्षक दलाचे सहापैकी पाच जण गेले. प्रवासी विमानाने पेट घेतला, पण त्यातले सगळे ३७९ जण बाहेर पडले. सामान मागे ठेवून ते ओळीने निघाले होते. आपण आंब्याची पेटी आणि कोकमाची बाटली सोडायला तयार असतो का, हा विचार घरी बसूनच करून ठेवावा.

मुलंबाळं बर्फाच्या देशांत असलेल्या घरांसाठी थोडंसं वेगळं. तिथल्या लहान विमानतळावरून तुम्ही डिसेंबरात ये-जा करणार असाल तर दोन गोष्टींची तयारी ठेवा. विमानात बसल्यावर उड्डाणापूर्वी पंखांवर द्रव फवारतील, आधी बहुधा नारिंगी, मग हिरवा. पहिला साचलेला बर्फ काढतो, दुसरा नवा बसू देत नाही. दुसऱ्याचा परिणाम ठरावीक वेळच टिकतो, त्यामुळे रांग लांबली तर विमान परत फवारणीला नेतात. हा उशीर वाया गेलेला नसतो, पंखावरचा पातळ, खरखरीत बर्फही विमानाला वर उचलणारा जोर कमी करतो. दुसरी गोष्ट, पट्टी साफ करायला विमानतळ तासन्‌तास बंद राहील. ८ डिसेंबर २००५ ला शिकागोच्या मिडवे विमानतळावर, शहरात कोंडलेल्या आखूड पट्टीवर, बर्फात उतरलेलं विमान कुंपण तोडून रस्त्यावर गेलं आणि एका मोटारीतला सहा वर्षांचा मुलगा गेला. वर सांगितलेली ० ते ६ अंकांची पद्धत त्या अपघातानंतर अमेरिकेत सुरू झालेल्या कामातून घडली. लेकाच्या घरी दोन तास उशिरा पोचलात तर त्यामागे एवढं सगळं असतं.

लडाखला हिवाळी सहलीला जाणाऱ्यांनीही लेहचं विमान सकाळचंच असतं हे गृहीत धरावं. सव्वातीन हजार मीटर उंचीवर हवा विरळ असते आणि दुपारी दरीत वारे उठतात. सकाळ हुकली की बहुधा दिवस हुकतो, म्हणून सहलीच्या शेवटी एक दिवस मोकळा ठेवा.

राहिला तो प्रसंग, जो येऊ नये. लहान विमानतळाजवळ अपघात झाला तर पहिली पोचणारी माणसं गावातली असतात. कोळिकोडला करीपूर-कोंडोट्टीच्या गावकऱ्यांनी करोनाच्या भर साथीत, पावसात, स्वतःच्या गाड्यांतून जखमींना दवाखान्यांत पोचवलं आणि रात्रीच रक्त द्यायला रांगा लावल्या. त्यांच्याइतकंच करायचं, पण थोडी शिस्त ठेवून. आधी ११२ ला फोन करा आणि नक्की जागा सांगा: कुठली वाडी, कुठलं देऊळ, गाडी कुठपर्यंत येते. विमानतळाच्या बंबाने पट्टीच्या कुठल्याही टोकाला तीन मिनिटांत पोचावं असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे. कुंपणाला त्यासाठी ठिकठिकाणी आपत्कालीन फाटकं असतात, तेव्हा त्यांच्यासमोर एरवीही कधी गाडी, गवताची गंज किंवा चिऱ्याचा ढीग ठेवू नका. वाऱ्याच्या वरच्या बाजूने जवळ जा. इंधनाचा वास येत असेल तर विडी नाही, मोटारीचं इंजिन चालू नाही. अवशेष हलवू नका, फक्त माणसं हलवा, तीही आग जवळ असेल तरच. मान आणि पाठ सरळ धरून, दार किंवा फळी असेल तर तिच्यावर. रस्ता एका बाजूने मोकळा ठेवायला दोन तरुण उभे करा. मोबाइलवर चित्रण करणाऱ्यांना त्यांनीच मागे न्यावं.

आणि विमान किंवा हेलिकॉप्टर समुद्रात उतरलं तर पूर्णगड, गावखडी, रनपारच्या होड्याच सर्वांत जवळ असतील. तटरक्षक दलाचा शोध आणि बचावाचा क्रमांक १५५४ आहे, व्हीएचएफ संच असेल तर चॅनल १६. दोन्ही तांडेलाच्या केबिनमध्ये मोठ्या अक्षरांत रंगवून ठेवा. जवळ जाताना पाण्यावर इंधनाचा तवंग आहे का ते बघा आणि त्यातून इंजिन चालू ठेवून शिरू नका. जाळं आत ओढून घ्या, नाहीतर पंख्यात अडकेल. बुडणाऱ्याकडे दोर किंवा फ्लोट फेका, उडी शेवटी. हिवाळ्यातलं पहाटेचं पाणी आपल्याकडे जीवघेणं थंड नसतं, पण ओल्या कपड्यांवर मतलई वारा लागला की माणूस लवकर गारठतो. म्हणून होडीत दोन जाड गोधड्या आणि एक ताडपत्री असू द्या.